घरासाठी बुद्धचित्र हाताने रंगवून घेताना

२० मार्चला महाडमध्ये चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, की आपल्या घरांच्या भिंतींवर काय लागते ते एका नजरेत कळते. पुस्तकांच्या ठेल्यांना खेटून तसबिरींचे ठेले असतात. बुद्ध, बाबासाहेब, माता रमाई, जोतिबा आणि सावित्रीबाई. जवळजवळ सगळ्या तसबिरी छापील असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्या घरात भिंतच कुडाची होती, त्या घरातही छापील बुद्ध पोहोचला तो स्वस्त होता म्हणून. पण आता महाड-पोलादपूरकडे स्लॅबची घरे झाली आहेत, मुले मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत, आणि वंदनेच्या खोलीत एक तरी चित्र हाताने रंगवलेले असावे, असे अनेक कुटुंबांना वाटू लागले आहे. मला ही इच्छा फार मोलाची वाटते. ती नीट पुरी व्हावी म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एकच आग्रह धरते. चित्रकाराकडे जाण्याआधी आपल्याला कशाची प्रत हवी आहे ते ठरवा. ‘बुद्धाचे छान चित्र काढून द्या’ असे सांगून जे हाती येते ते बहुतेकदा कुणाच्याच मूळ कृतीची प्रत नसते. मोबाइलवर सापडलेल्या चार चित्रांतून नाक इकडचे, प्रभावळ तिकडची असे जुळवलेले ते असते. गुळगुळीत गाल, सोनेरी धूर, मागे पिंपळाचे एक पान. असले चित्र महिनाभर आवडते. मूळ कृतीची प्रामाणिक प्रत मात्र वर्षानुवर्षे पाहता येते, कारण मूळ कलावंताने केलेला विचार तिच्यात उतरलेला असतो.

मूळ म्हणून लोक सहसा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी निवडतात. गाभाऱ्याच्या दाराकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला तो आहे आणि उजव्या हाताला वज्रपाणी. पाचव्या शतकातले हे काम. निवडण्याआधी एक गोष्ट मनात स्पष्ट असू द्या. पद्मपाणी हा बोधिसत्त्व आहे, बुद्ध नव्हे. म्हणून तर त्याच्या डोक्यावर मुकुट आहे आणि गळ्यात मोत्यांचा सर. वंदनेसाठी चित्र हवे असेल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मुकुट-दागिन्यांचे रूप पटणारे नसेल, तर त्यांचे ऐका. पद्मपाणी बैठकीच्या खोलीत लावा आणि वंदनेच्या जागी दुसरे काही निवडा. घेतलाच तर तपासायच्या दोन गोष्टी. कमळ त्याच्या उजव्या हातात आहे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला. इंटरनेटवरची कितीतरी छायाचित्रे उलटी झालेली असतात आणि त्यांवरून काढलेल्या प्रतीत कमळ दुसऱ्याच हातात जाते. दुसरी गोष्ट भुवईची. अजिंठ्याच्या चित्रकाराने ती एका दमात ओढलेली आहे. प्रतीत ती दहा ठिकाणी जोडलेली दिसली, की चेहरा त्रासलेला वाटू लागतो.

माझी स्वतःची निवड विचाराल तर ती सतराव्या लेण्यातली. हातात भिक्षापात्र घेऊन बुद्ध दारी उभे आहेत आणि समोर यशोधरा राहुलला पुढे करून उभी आहे. कित्येक वर्षांनंतर बाप घरी आला आहे, पण भिक्षू म्हणून. या चित्रात बुद्ध प्रचंड मोठे आहेत आणि मायलेक अगदी लहान, त्यांच्या पायांशी उभे असावेत इतके. प्रत करणारे नेमकी इथेच सुधारणा करायला जातात. तिघांना मापात आणतात, एखाद्या कौटुंबिक फोटोसारखे. ती सुधारणा करू देऊ नका. आकारातला तो फरक हेच या चित्राचे सांगणे आहे. राहुलच्या नजरेतून वर पाहिले तर बुद्ध केवढे दिसत असतील, ते त्या चित्रकाराने भिंतीवर मांडले आहे. लहान मुले असलेल्या घरात हे चित्र मी आवर्जून सुचवते.

मूर्तीवरून रंगवून घ्यायचे तर सारनाथच्या संग्रहालयातली धर्मचक्र मुद्रेतली पाचव्या शतकातली मूर्ती हा सगळ्यांच्या परिचयाचा पर्याय. तिच्यात हातांची बोटे हेच अवघड काम असते, तेव्हा चित्रकाराच्या आधीच्या कामात हात कसे आहेत ते पाहून घ्या. भूमिस्पर्श मुद्रेचे चित्र असेल तर उजवा हात जमिनीकडे असतो. डावा दिसला तर छायाचित्र उलटे आले आहे, असे खुशाल समजा.

पण महाडकरांना मला वेगळेच सुचवायचे आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून महाडकडे येताना पाले गावच्या डोंगरात कोरलेल्या खोल्यांची रांग दिसते. ती गांधारपाले लेणी. तीसच्या आसपास लेणी आहेत. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात खडकाच्या चौकोनी ठोकळ्यावर बसलेला बुद्ध कोरलेला आहे, शेजारी सेवक आहेत. मूर्ती झिजलेली आहे आणि अजिंठ्याची नजाकत तिच्यात नाही. म्हणूनच तिचे चित्र कुठल्या ठेल्यावर मिळणार नाही. पण सावित्री आणि गांधारीच्या खोऱ्यातला हा आपला बुद्ध आहे. आजी-आजोबांनी गुरे वळताना पाहिलेला. एखाद्या चित्रकाराला सकाळी तिथे नेऊन बसवा, दारातून येणाऱ्या उजेडात त्याला स्केच करू द्या, आणि त्यावरून घरी चित्र होऊ द्या. झिजलेला चेहरा झिजलेलाच ठेवायला सांगा. खडकाचा काळसर तपकिरी रंग आणि त्यावरचा तिरपा उजेड एवढ्यावर उत्तम चित्र उभे राहते. हे लेणे संरक्षित स्मारक आहे, तेव्हा मूर्तीला हात लावून ट्रेसिंग घेणे, खडूने रेषा मारणे, ओला कागद चिकटवणे यातले काहीही करू नये. पाहून काढावे.

एक वेगळे मूळ बाबासाहेबांचेच आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात ते चित्रकला शिकत होते आणि मिटल्या डोळ्यांच्या बुद्धापेक्षा उघड्या डोळ्यांनी जगाकडे पाहणारा बुद्ध त्यांना जवळचा वाटे. त्यांच्या हातच्या बुद्धचित्राच्या छापील प्रती आपल्याकडे सर्वत्र आहेत. त्या चित्रावरून रंगवून घ्यायचे असेल तर चित्रकाराला स्पष्ट सांगा की हे शिकाऊ हाताचे काम आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. रेषा ‘सुधारून’ देण्याचा मोह प्रत्येक तयार हाताला होतो. बाबासाहेबांच्या हाताची रेषा पुसून त्यावर दुसऱ्याची सफाई चढवली, तर आपण नेमके काय घरी आणले?

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे चित्र मागणारी कुटुंबेही बरीच असतात, विशेषतः ज्यांचे पणजोबा त्या दिवशी तिथे होते अशी आठवण घरात सांगितली जाते. हे धार्मिक चित्र नव्हे, पण बुद्धाच्या शेजारी मानाने लागते, म्हणून इथे सांगते. ओंजळीने पाणी पिणारे बाबासाहेब ही रचना चित्रकारांनी कल्पनेने उभी केली आहे. त्यामुळे प्रत कशाची करायची, यापेक्षा काय बरोबर असावे हे पाहायचे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांचे वय पस्तीस होते. छत्तिसावे पुरे व्हायला अजून काही आठवडे होते. बहुतेक चित्रांत मात्र पन्नाशी ओलांडलेले, जाड काचांचा चष्मा लावलेले बाबासाहेब तळ्यात उतरताना दिसतात. काही चित्रांत तर काखेत संविधानाचा ग्रंथही असतो. १९२० च्या दशकातली त्यांची छायाचित्रे चित्रकाराला द्या. आजच्या तळ्यातला पुतळा, बांधीव कठडे आणि भोवतालच्या इमारती त्या दिवशीच्या चित्रात येऊ देऊ नका. आणि खाली तारीख लिहिणार असाल तर ती नीट लिहा. पाणी प्राशन केले ते २० मार्च १९२७ ला आणि मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच वर्षी २५ डिसेंबरला. एका चित्रात दोन्ही प्रसंग कोंबायचा हट्टही धरू नये.

बाबासाहेबांच्या व्यक्तिचित्राबद्दल थोडक्यात: एक छायाचित्र निवडा आणि त्यालाच चिकटून राहा. तीन छायाचित्रे मिळून केलेला चेहरा कुणाचाच नसतो. ज्या घरांत इतर देवदेवतांची चित्रे हवी आहेत, त्यांनाही हेच लागू आहे. राजा रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती हवी असेल तर मूळ तैलचित्राचे चांगले छायाचित्र मिळवा. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातल्या छापील चित्रांवरून पुन्हा छापलेली, रंग भडक झालेली आवृत्ती समोर ठेवून काम करू देऊ नका.

आता अजिंठ्याच्या रंगांचा प्रश्न, कारण इथे सर्वांत जास्त गफलत होते. अजिंठ्याच्या प्रती करण्याचा इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. मद्रासच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून वीसेक वर्षे तिथे राहून चित्रे उतरवत होता. त्याचे बहुतेक कॅनव्हास लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते आणि १८६६ च्या आगीत ते जळाले. मग १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठ्या प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधल्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांची छायाचित्रे पाहायला मिळतात. तुमच्या चित्रकाराला ती अवश्य दाखवा. भिंतीवरून आज गळून गेलेले काही भाग त्या प्रतींत शाबूत आहेत. पुढे १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि इतर तरुण बंगाली चित्रकार आले आणि त्यांनीही प्रती केल्या.

या सगळ्या काळात चित्रे नीट दिसावीत आणि टिकावीत म्हणून भिंतींवर व्हार्निशचे थर चढत गेले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे द्रावण वापरले. काळाबरोबर ते पिवळे पडले. म्हणून जुन्या छायाचित्रांत अजिंठा मधासारखा पिवळसर दिसतो, आणि त्यावरून प्रती करणारे पद्मपाणीला सोनेरी करून टाकतात. मुळात तिथे लाल आणि पिवळी गेरूमाती होती, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती, काळ्यासाठी काजळी, हिरव्यासाठी हिरवी माती. निळा मात्र दुरून आलेल्या लाजवर्दी दगडाचा, म्हणून तो जपून वापरलेला. चित्रकाराला सांगा, की या मोजक्या रंगांतच राहा. त्याने पॅलेटवर भडक गुलाबी किंवा मोरपंखी काढला, तर थांबवा.

मग पडझड दाखवायची का? भिंतीवर पोपडे गेलेत, अर्धा खांदा नाही, बाजूची आकृती पुसट झाली आहे. काही जण सगळे भरून नवेकोरे करून मागतात. काही जण प्रत्येक तडा हुबेहूब रंगवून घेतात आणि मग चित्रापेक्षा तडेच डोळ्यांत भरतात. मला पटतो तो मधला मार्ग. चेहरा, हात, मुद्रा जिथे स्पष्ट आहेत तिथे पूर्ण काम करायचे. जिथे मूळच गेले आहे तिथे काही कल्पून भरायचे नाही. आजूबाजूच्या मातकट रंगाची सपाट जागा सोडायची. नजर आपोआप चेहऱ्यावर जाते आणि कुणाच्या नावावर खोटे काही खपवले जात नाही. जुन्या भित्तिचित्रांचे जतन करणारे लोकही साधारण असेच करतात.

चित्रकार कुठे शोधायचा? मुंबईला जे. जे.मध्ये शिकलेली मुले आहेतच, पण आधी आपल्या तालुक्यात पाहा. शाळेतले कलाशिक्षक, नाटकांचे पडदे रंगवणारे, दुकानांच्या पाट्या करणारे. डिजिटल फ्लेक्स आल्यापासून यांतल्या अनेक उत्तम हातांना काम उरलेले नाही. आपल्याच जिल्ह्यात पेण आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारे कारागीर इतक्या स्थिर हाताचे असतात, की त्यांना मी चेहऱ्याचे काम निःशंक देईन. फक्त एक सांगावे लागते. गणपतीचा डोळा मोठा, उघडा, भक्ताकडे थेट पाहणारा असतो. अजिंठ्यातल्या डोळ्याची पापणी जड असते आणि नजर खाली उतरलेली असते. सवयीने पहिला डोळा येणार. म्हणून त्याच्याकडून आधी कागदावर चार-पाच डोळे काढून घ्या.

हीच परीक्षा सगळ्यांना लावा. पूर्ण चित्राची ऑर्डर देण्याआधी नुसता चेहरा किंवा नुसता हात वीतभर कागदावर करून मागा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. फुकट नमुना मागू नये. कष्टकऱ्याच्या वेळेची किंमत आपल्या लोकांना वेगळी सांगायला नको. त्या नमुन्यावरून तुम्हाला हात कळतो आणि चित्रकाराला तुमची अपेक्षा कळते. जमल्यास दोघे मिळून अजिंठ्याला जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात. आत उजेड मंद असतो आणि फ्लॅश मारायला बंदी आहे, म्हणून डोळे सरावेपर्यंत एकाच चित्रासमोर बसून राहा. स्केचबुक न्या. प्रवासाचा खर्च चित्राच्या किमतीत धरा. ज्याने मूळ भिंत पाहिली आहे त्याच्या प्रतीत जो भाव येतो, तो मोबाइलच्या पडद्यावरून येत नाही. चेहरा भिंतीवर किती मोठा आहे, रेषा कुठे जाड होते, कुठे विरते, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते.

पैशांचे बोलणे मोकळेपणाने आणि लेखी करा. दर बहुधा चौरस फुटावर ठरतो, पण चेहरे किती आणि बारकावे किती यावर तो बदलायला हवा, कारण आठ चौरस फूट मोकळे आकाश आणि आठ चौरस फुटांत राहुल-यशोधरा यांचे कष्ट सारखे नसतात. साध्या कागदावर मूळ कोणते, माप काय, माध्यम काय, पैसे किती टप्प्यांत, चित्र कधी द्यायचे, एवढे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. टप्पे असे ठेवावेत: सामान आणण्यापुरते आगाऊ, मग कॅनव्हासवर कोळशाची किंवा पेन्सिलची रेखाटणी झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता काम हाती आल्यावर. रेखाटणी झाली, की स्वतः जाऊन पाहा. चौकोन पाडून माप वाढवले असेल तर ते चौकोन मूळच्या छायाचित्रावर ठेवून ताडून बघा. हनुवटी खाली गेली असेल, मान आखूड झाली असेल, तर ते याच वेळी सांगायचे. रंग चढल्यावर बदल मागणे हा चित्रकाराचा छळ आहे.

हक्कांचेही लक्षात ठेवा. अजिंठा, सारनाथ, गांधारपाले ही मुळे कुणाच्या मालकीची नाहीत. पण आजच्या किंवा अलीकडेच वारलेल्या चित्रकाराने काढलेले बुद्धचित्र आवडले आणि तेच उतरवून घ्यायचे असेल, तर त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्या. आपल्या कायद्यात कलावंताचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

तयार चित्र विकत घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ‘हाताने रंगवलेले’ म्हणून विकले जाणारे कितीतरी कॅनव्हास मुळात छापील असतात. वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे दिलेले असतात. चित्र खिडकीपाशी न्या आणि उजेड बाजूने पडू द्या. खऱ्या कामात रंग कुठे जाड, कुठे पातळ असतो, आणि ब्रशची दिशा गालाच्या, वस्त्राच्या वळणाबरोबर जाते. छापील कॅनव्हासवर फटकारे एका दिशेने जातात आणि खालचे चित्र दुसरीकडे. साधे भिंग लावले की छपाईचे बारीक ठिपके दिसतात. कॅनव्हासची दुमडलेली कड पाहा, तिथे हातकामात रंगाचे ओघळ, पुसलेले डाग असतात. तेच चित्र तेवढ्याच मापाचे, तेवढ्याच फटकाऱ्यांचे शेजारी दुसरे टांगलेले असेल तर पुढे विचारायची गरज नाही.

आता आपल्या हवामानाचे. महाडला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. देशावरच्या दुकानदाराने दिलेला सल्ला इथे चालत नाही. कागदावरचे जलरंग किंवा पोस्टर रंग चार पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके दाखवू लागतात, विशेषतः काच थेट कागदाला टेकलेली असेल तर. कागदावरचेच काम हवे असेल तर काच आणि कागद यांच्यात पुठ्ठ्याची जाड कड सोडून घ्या. घरासाठी मी अॅक्रिलिक सुचवते. ते लवकर वाळते आणि आपल्या दमट हवेत टिकते. तैलरंगांची खोली वेगळीच, यात शंका नाही, पण ते पावसात वाळता वाळत नाहीत. तैलचित्र हवे असेल तर ऑर्डर दिवाळीनंतर द्या, म्हणजे थंडी आणि उन्हाळा हाताशी राहतो. वरचे व्हार्निश सहा महिन्यांनंतर लावायचे, हे आधीच ठरवून ठेवा. रंगाच्या ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची खूण असते, ती चांगली असलेलेच रंग वापरायला सांगा. चौकट सागाची किंवा वाळवी न लागणाऱ्या साहित्याची असावी.

भिंत निवडताना पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत टाळा. जांभ्याच्या जुन्या घरात तर ती सप्टेंबरपर्यंत ओलीच असते. घराच्या आतली भिंत घ्या. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चित्र उतरवून मागची बाजू पाहा. पांढुरकी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने चोळू नका. कोरड्या दिवशी, सावलीत, वारा असलेल्या जागी मऊ ब्रशने झटका, तोंडाला कापड बांधून.

वंदनेच्या चित्राला आणखी एक धोका असतो, आपल्याच श्रद्धेचा. मेणबत्ती आणि अगरबत्ती चित्राच्या थेट खाली ठेवली, की वर्षभरात हनुवटीखाली काजळीचा पट्टा उमटतो. मेणबत्तीचा पाट चित्रापासून हात-दीड हात पुढे आणि शक्यतो बाजूला ठेवा. हार चित्रावर घालू नका. ओल्या फुलांचे पाणी कॅनव्हासवर उतरते आणि लोखंडी तारेचा गंज डाग पाडतो. फुले समोर तबकात वाहा. आणि आपण वंदनेला जमिनीवर बसतो, हे टांगताना विसरू नका. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या चित्राकडे बसून पाहिले, की फक्त चकाकी दिसते. घरातल्या सगळ्यांना बसवा, चित्र धरून वरखाली करा आणि मग खिळा ठोका.

पुराबद्दल महाडमध्ये कुणाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या घरांत छतापर्यंत पाणी आणि नंतर गुडघाभर चिखल होता, आणि तसबिरी त्या चिखलातून काढाव्या लागल्या. सावित्रीकाठच्या सखल भागात राहत असाल आणि वर मजला असेल, तर हाताने केलेले चित्र वरच लावा. खालच्या वंदनेच्या जागी छापील प्रत ठेवली तरी चालते. वरचा मजला नसेल, तर जूनमध्ये चित्र उतरवून वरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवायला लाजू नका. भिजलेच तर चिखल पुसायची घाई करू नये, कारण चिखलातली रेती रंग खरवडते. बाहेरची फ्रेम काढा, पण कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला आहे तिच्यावरून उतरवू नका. रंगाची बाजू वर ठेवून सपाट आडवे करा, पंख्याच्या हवेत सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवले तर कॅनव्हास आकसतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. चित्र कुटुंबाला मोलाचे असेल तर पुढचे काम जाणकारावर सोपवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या जतनाचे केंद्र आहे. तिथे विचारणा करता येते.

शेवटचे काम चित्राच्या पाठीमागचे आहे आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही. गांधारपालेच्या एका दानलेखात कुमार कानभोज विष्णुपालित याचे नाव कोरलेले आहे, आणि त्याने लेण्याबरोबर किती खोल्या आणि किती पाण्याची टाकी दिली तेही. दान देणाऱ्याचे नाव इतकी शतके टिकले, पण छिन्नी ज्याने चालवली त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. आपल्या चित्राबाबत तसे होऊ देऊ नका. कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर किंवा मागे चिकटवलेल्या जाड कागदावर, न पुसणाऱ्या शाईने, कशाची प्रत, मूळ कुठल्या लेण्यातले, चित्रकाराचे पूर्ण नाव आणि गाव, माध्यम, महिना आणि वर्ष, कोणत्या निमित्ताने आणि कुणी करून घेतले, हे चित्रकाराच्याच अक्षरात लिहून घ्या. ‘प्रत’ हा शब्द त्यात असलाच पाहिजे, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणी ते जुने मूळ म्हणून विकायला काढेल. कॅनव्हासवर थेट लिहू नका, शाई पुढे पाझरते. मग भरदिवसा, फ्लॅश न मारता, चित्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा आणि बिलासकट ती बाहेरगावी असलेल्या मुलांकडे पाठवून ठेवा. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या जळालेल्या प्रती कशा होत्या ते आज आपल्याला त्यांच्या नोंदींवरूनच शोधावे लागते. तुमच्या चित्राची नोंद एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या घरात राहील.